घरची खरेदी : दोन पिढ्यांचे दोन कॅमेरे

जवाहरनगर (जि. भंडारा) येथील एका वाचक कुटुंबाचें पत्र या महिन्याच्या सदरास निमित्त झालें आहे. कुटुंब एकत्र आहे. वडील गृहस्थ तेथील दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यांत तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी करून निवृत्त झालेले. थोरले चिरंजीव आज त्याच कारखान्यांत कामास. धाकटे भंडाऱ्यास शिक्षक. दोघी सुना, चार नातवंडें आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीबाई. येत्या वैशाखांत एका नातवाची मुंज आहे. त्या निमित्तानें घरांत एक चांगला कॅमेरा यावा, याविषयीं सर्वांचें एकमत आहे. तो कोणता असावा, याविषयीं मात्र घरांत सरळ दोन पक्ष पडले आहेत.

दोन्ही पक्षांची निवड एकाच कंपनीची आहे. आजोबांच्या पक्षाला निकॉनचा 'झेड ५०' हवा आहे. तो ऑक्टोबर २०१९ मध्यें जाहीर झाला. नागपुरास तो थोडा वापरलेला, चांगल्या स्थितींत, बऱ्याच कमी किंमतींत मिळतो आहे. थोरली नात महाविद्यालयांत शिकते व तिला पक्षी पाहण्याचा नाद आहे. तिच्या पक्षाला त्याच कॅमेऱ्याची दुसरी आवृत्ति, नोव्हेंबर २०२४ मध्यें जाहीर झालेला 'झेड ५०-दोन', हवा आहे. आजोबांचें म्हणणें असें कीं, यंत्र नीट चालतें आहे तोंवर तें जुनें नव्हे. नातीचें म्हणणें असें कीं, पांच वर्षांत यंत्रें कोठल्या कोठें गेलीं. आज जुनें घेणें म्हणजे पैसे वांचविणें नसून पैसे अडकविणें होय. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद आमच्यापर्यंत आला. केवळ हौसेचा वाद असता, तर तो घरांतच रात्रीच्या जेवणाच्या वेळीं मिटला असता.

प्रश्न एका घराचा असला, तरी तो आज अनेक घरांत निरनिराळ्या रूपानें उभा आहे. यासाठीं उत्तर थोडें विस्तारानें देत आहों.

आधीं एका तिसऱ्या पक्षाचा विचार केला पाहिजे. हा पक्ष प्रत्येक घरांत असतोच. खिशांत मोबाईल असतांना वेगळा कॅमेरा हवा कशाला, असें तो विचारतो. दिवसाच्या भरपूर उजेडांत, हातभर अंतरावरचें चित्र घ्यावयाचें असेल, तर हा पक्ष बरोबर आहे. परंतु चित्र हें शेवटीं प्रकाशाचें काम आहे, आणि प्रकाश गोळा होतो तो सेन्सर नांवाच्या एका लहानशा फलकावर. वरील दोन्ही कॅमेऱ्यांत हा फलक सुमारें २३.५ मि.मी. लांब व १५.७ मि.मी. रुंद आहे. निवडक महागड्या मोबाईलांत जो मोठ्यांत मोठा फलक असतो, त्याच्या तिपटीहून अधिक याचें क्षेत्रफळ भरतें. देवघरांतील समईच्या उजेडांत, माजघराच्या अंधुक कोपऱ्यांत किंवा दूरच्या तलावावर हा फरक दिसूं लागतो. ज्या घराला तेथील चित्रें हवीं आहेत, त्या घरानें कॅमेरा घेणें ही चैन म्हणतां येणार नाहीं.

आतां हे दोन कॅमेरे ज्या जातीचे आहेत, ती बिनआरशाच्या कॅमेऱ्यांची जात समजून घेऊं. पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंगाच्या मागें तिरपा बसविलेला एक आरसा असे. भिंगांतून आलेला प्रकाश त्या आरशावरून वर वळून पाहणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोंचे. कळ दाबली कीं आरसा वर उचलला जाई आणि मग प्रकाश मागील फिल्मवर, पुढें सेन्सरवर, पडे. असे कॅमेरे आजहि पुष्कळ घरांत आहेत आणि उत्तम चालतात. २००८ मध्यें पॅनासोनिक कंपनीनें आरसा अजिबात काढून टाकलेला व भिंग बदलतां येणारा कॅमेरा बाजारांत आणला आणि या नव्या जातीस आरंभ झाला. निकॉननें आपली 'झेड' ही मालिका २०१८ मध्यें सुरू केली. आरसा गेल्यामुळें भिंग सेन्सरच्या फार जवळ आणतां आलें. १९५९ पासून चालत आलेल्या जुन्या 'एफ' बैठकींत भिंगाची बैठक व फिल्म यांमध्यें ४६.५ मि.मी. अंतर ठेवावें लागे. 'झेड' बैठकींत तें १६ मि.मी. वर आलें. कॅमेरे आटोपशीर झाले, हें त्यामुळेंच.

परंतु घरगुती ग्राहकाच्या दृष्टीनें खरा फरक निराळाच आहे. आरसा गेल्यावर डोळ्याला दिसतें तें प्रत्यक्ष दृश्य नसून सेन्सरला दिसणारें चित्र होय. चित्र काळें येणार कीं उजळ, हें कळ दाबण्यापूर्वींच दिसतें. नवशिक्याला याचा फार उपयोग होतो. दुसरें असें कीं, फोकस जुळविण्याचें काम पूर्वी आरशाखालील एक स्वतंत्र यंत्रणा करीत असे, तें आतां सेन्सर व त्याच्यामागील गणकयंत्र यांच्याकडे आलें. यामुळें बिनआरशाच्या कॅमेऱ्यांच्या दोन पिढ्यांत जो फरक पडतो, तो मुख्यत्वें मेंदूचा असतो. डोळा पुष्कळदां तोच राहतो.

आपल्यापुढील जोडीविषयीं हें अक्षरशः खरें आहे. दोन्हींचे सेन्सर एकाच आकाराचे आहेत आणि दोन्हींत सुमारें २ कोटि ९ लाख बिंदूंचें चित्र निघतें. इंचास ३०० बिंदु या चांगल्या छपाईच्या हिशेबानें त्या चित्राची १८ इंच लांब व १२ इंच रुंद प्रत स्वच्छ निघते. दिवाणखान्याच्या भिंतीला याहून मोठी तसबीर क्वचितच लागते. कमी उजेडांत सेन्सरची ग्राहकता किती वाढवितां येईल, त्याची मर्यादा दोहोंत एकच, म्हणजे ५१,२०० ही आहे. हात हलला तर तो दोष सांवरून घेण्याची यंत्रणा दोहोंच्याहि पेटींत नाहीं. ती भिंगांत असेल तरच मिळते. भिंगेंहि दोहोंना तींच बसतात. खिडकीशीं स्वस्थ बसलेल्या आजीबाईंचें चित्र एकाच भिंगानें दोन्ही कॅमेऱ्यांतून घेतलें आणि तें छापून भिंतीला लावलें, तर कोणतें चित्र कोणत्या कॅमेऱ्याचें, हें घरांतील कोणालाहि सांगतां येणार नाहीं.

मग नवा कॅमेरा अधिक पैसे मागतो तो कशाबद्दल? मुख्यतः हलणाऱ्या वस्तूवर फोकस धरून ठेवण्याच्या कौशल्याबद्दल. जुन्यांतील गणकयंत्र 'एक्सपीड ६' हें आहे. नव्यांत 'एक्सपीड ७' आहे, म्हणजे निकॉननें २०२१ मध्यें आपल्या सर्वांत वरच्या 'झेड ९' या कॅमेऱ्यांत बसविलें तेंच. असंख्य चित्रें दाखवून त्याला वस्तु ओळखावयास शिकविलेलें आहे. माणूस, कुत्रा, मांजर, पक्षी, मोटार, मोटारसायकल, सायकल, आगगाडी आणि विमान अशा नऊ प्रकारच्या वस्तु तें ओळखतें आणि वस्तु हलली तरी तिच्या मागोमाग फोकस नेतें. जुना कॅमेरा माणसाचा चेहरा व डोळा ओळखतो. २०२० मध्यें त्याला कुत्रा-मांजर ओळखण्याचेंहि शिक्षण मिळालें. परंतु पक्षी त्याला ओळखतां येत नाहीं. वेळूच्या बेटांतून उडालेला पक्षी आणि त्यामागील पानें यांत त्याची गफलत होते, आणि पानें सुरेख स्पष्ट व पक्षी अंधुक असें चित्र हातीं येतें. याशिवाय नव्यांत अशी सोय आहे कीं, कळ अर्धी दाबून वाट पाहत राहावें; पूर्ण दाबतांच आधींच्या एका सेकंदापर्यंतचीं चित्रेंहि तो जपून ठेवतो. खंड्यानें पाण्यांत सूर मारला आणि आपलें बोट मागाहून दाबलें गेलें, तरी तो सूर हातचा जात नाहीं.

इतर फरक लहान आहेत, परंतु घरांत ते जाणवतात. नव्याचा मागील पडदा पुस्तकाच्या पानासारखा बाजूला उघडून पुढें वळवितां येतो. जुन्याचा खालच्या बाजूस वळतो. कॅमेरा तिपाईवर ठेवून सर्व कुटुंबाचें चित्र घ्यावयाचें झालें, तर जुन्याचा वळविलेला पडदा नेमका तिपाईआड जातो. नव्याची डोळा लावण्याची खिडकी अधिक उजळ असल्यानें उन्हांत बरी दिसते. नव्याला आजच्या मोबाईलचीच चार्जरची दोरी चालते. जुन्याला अगोदरच्या पिढीची बारीक दोरी लागते. उलट बाजूनें पाहतां, बॅटरी व कार्ड धरून जुना सुमारें ४५० ग्रॅम भरतो आणि नवा ५५०. आजीबाईंच्या हाताला शंभर ग्रॅम थोडे नव्हेत. नव्या मेंदूला वीजहि अधिक लागते, म्हणून एक जास्तीची बॅटरी घेणें क्रमप्राप्त होतें.

येथें एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. कॅमेऱ्याच्या दुकानांत ग्राहकाची सारी चर्चा पेटीविषयीं चालते आणि भिंग मात्र पेटीबरोबर येईल तें, अशी समजूत असते. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. या कॅमेऱ्यांबरोबर सहसा जें भिंग मिळतें, तें १६ ते ५० मि.मी. चें. तें हलकें, सोयीचें व दिवसाच्या उजेडांत चांगलें आहे. परंतु ५० मि.मी. ला त्याचें छिद्र ६.३ या आंकड्यापलीकडे उघडत नाहीं. त्याच बैठकीचें ४० मि.मी. चें एक साधें भिंग २०२१ पासून मिळतें. त्याचें छिद्र २ या आंकड्यापर्यंत उघडतें व वजन अवघें १७० ग्रॅम आहे. हे आंकडे जितके लहान तितकें छिद्र मोठें, आणि प्रकाशाचें प्रमाण आंकड्याच्या वर्गानें बदलतें. हिशेब केला तर ६.३ च्या मानानें २ या छिद्रांतून जवळजवळ दहापट प्रकाश आंत येतो. समईच्या उजेडांत एका सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ जेथें लागला असता, तेथें शंभराव्या भागांत काम होतें. दहाव्या भागांत बटु मान वळवितो आणि चित्र पुसट होतें. शंभराव्या भागांत तो स्थिर सांपडतो. पांच वर्षांनीं नवा असलेला मेंदू येथें कांहीं करूं शकत नाहीं. येथें भिंगच पाहिजे.

आणखी असें कीं, पेटी लवकर जुनी होते, भिंग फार सावकाश. दर चार-पांच वर्षांनीं नवा मेंदू येणारच. परंतु आज घेतलेलें भिंग पुढच्या पेटीलाहि बसतें. निकॉनच्या १९५९ पासूनच्या बैठकीचीं पुष्कळ भिंगें जोड-कडें लावून आजच्या 'झेड' कॅमेऱ्यांवरहि चालतात. मात्र ज्यांत फोकसची मोटार भिंगांतच नसते, अशा जुन्या भिंगांचा फोकस हातानें फिरवावा लागतो. आपल्या घरांतील व्यवहाराच्या भाषेंत सांगावयाचें तर भिंग हें स्थावर आणि कॅमेरा हें जंगम. वारशानें जाईल अशा वस्तूंत अधिक पैसा घालावा, हें एकत्र कुटुंबाला निराळें सांगावयास नको.

आतां निवड कशी करावी? आमची एक साधी रीत आहे. एके काळीं आपल्याकडे पुष्कळ घरांत बडोद्यास तयार झालेला 'आग्फा क्लिक थ्री' हा कॅमेरा असे. त्याच्या एका रोळांत बाराच चित्रें निघत. बारा संपलीं कीं दुसरा रोळ येईपर्यंत वाट पाहावी लागे. म्हणून कोणतें चित्र घ्यावयाचें याचा विचार घरांत आधीं होई. तीच रीत येथें लावावी. पुढील वर्षभरांत घराला कोणतीं बारा चित्रें खरोखर हवीं आहेत, याची यादी सर्वांनीं बसून करावी. मग त्या बारांपैकीं किती चित्रांतील वस्तु वेगानें हलणारी आहे आणि किती चित्रें कमी उजेडांतील आहेत, हें मोजावें. हलणारीं चित्रें एक-तृतीयांशाहून अधिक असतील, तर नव्या पिढीच्या मेंदूला पैसे द्यावे. कमी उजेडाचीं अधिक असतील, तर भिंगाला द्यावे.

जवाहरनगरच्या या कुटुंबाच्या पत्रांतूनच ती यादी बरीचशी निघते. सकाळीं ओसरीवर वर्तमानपत्र वाचणारे आजोबा, वाती वळणारे आजीबाईंचे हात, मुंजीचें मातृभोजन, भिक्षावळीला निघालेला बटु, सर्व कुटुंबाचें एकत्र चित्र, गौरींपुढील आरास, मंगळागौरीची फुगडी, पाळी संपवून दारांत येणारे थोरले चिरंजीव, आषाढांतील धानाची रोवणी, वैनगंगेचा कांठ, अंगणांत धांवणारी सर्वांत धाकटी नात, आणि उडणारा सारस. हीं बारा झालीं. यांत वेगानें हलणारीं तीन : फुगडी, धाकटी नात आणि सारस. कमी उजेडाचीं चार तरी आहेत, आणि त्यांतील फुगडी दोन्ही सदरांत मोडते. तिला भिंगच अधिक उपयोगी पडेल.

नातीची बाजू मात्र येथें न्यायानें मांडली पाहिजे. तिनें स्वतः यादी केली, तर बारांतील नऊ-दहा पक्षीच असतील, आणि तो नाद पोसण्यासारखा आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोका अभयारण्य २०१३ मध्यें जाहीर झालें आणि तें या भागाला जवळ आहे. नागझिऱ्याचें अरण्यहि फार दूर नाहीं. महाराष्ट्रांत फार थोड्या संख्येनें उरलेला सारस गोंदिया-भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांध्यांतच अजून दिसतो. अशा मुलीच्या हातांत जुना कॅमेरा दिला, तर बसलेला पक्षी तिला चांगला मिळेल. उडणाऱ्या पक्ष्यांचीं चित्रें पुष्कळ वायां जातील. हें तिचें नुकसान खरें आहे आणि तें तिला आधींच स्पष्ट सांगावें. पण तिलाहि एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. नवा कॅमेरा घेतल्यानें पक्ष्यांचा खर्च संपत नाहीं, तेथून तो सुरू होतो. ५० ते २५० मि.मी. चें हलकें भिंग पुरुषभर उंचीच्या सारसाला, दूर उभें राहूनहि, एक वेळ पुरेल. नाचण किंवा सुभग यांसारख्या चिमुकल्या पक्ष्यांना तें अपुरें पडतें. पुढचें १८० ते ६०० मि.मी. चें भिंग दोन किलोच्या घरांत जातें आणि त्याची किंमत कॅमेऱ्याहून कितीतरी अधिक आहे. सारसाच्या घरट्याजवळ तर कोणतेंहि भिंग घेऊन जाऊं नये. अंड्यांवरून उठलेल्या पक्ष्याचें चित्र हें चित्र नव्हे, अपराध आहे.

जवाहरनगरास कॅमेरा घेणाऱ्यानें आणखी एक मर्यादा ध्यानांत ठेवावयाची आहे. नागपूर-भंडारा महामार्गालगतची ही वसाहत १९६४ मध्यें स्थापन झालेल्या आयुधनिर्माणीमुळें उभी राहिली. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती निर्माणी 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या सरकारी कंपनीकडे आहे. १९२३ च्या शासकीय गुपितांविषयींच्या कायद्याप्रमाणें असे कारखाने प्रतिबंधित जागांत मोडतात. त्याच्या दारांकडे, कुंपणाकडे किंवा आंतील इमारतींकडे कॅमेरा रोखूं नये, आणि हें घरांतील मुलांना पहिल्याच दिवशीं निक्षून सांगावें. लांब भिंग हातीं आल्यावर तर अधिकच.

या नियमाची दुसरी बाजू पत्र वाचतांना आमच्या ध्यानांत आली. आजोबांनीं ज्या जागीं आयुष्याचीं तीस वर्षें घालविलीं, त्या जागीं त्यांचें एकहि चित्र नाहीं; असणारहि नाहीं. शेतकऱ्याचें शेतांत, शिक्षकाचें शाळेंत, वैद्याचें दवाखान्यांत चित्र असतें. आयुधनिर्माणींतील माणसाच्या साऱ्या नोकरीचें म्हणून जें चित्र घरांत राहतें, तें ओळखपत्रावरचें, टिकलीएवढें. २४ जानेवारी २०२५ रोजीं याच निर्माणींत मोठा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखीं पडले, तें सर्वांस विदित आहे. अशा वेळीं कोणत्याहि घरांत प्रथम शोध सुरू होतो तो गेलेल्या माणसाच्या एका बऱ्या छायाचित्राचा, आणि पुष्कळदां हातीं येतें तें लग्नांतील घोळक्याच्या कडेचें. ज्यांचें काम डोळ्यांआड चालतें, त्यांचें घरचें चित्र अधिक काळजीनें घेतलें पाहिजे. बारांच्या यादींतील पाळी संपवून दारांत येणाऱ्या चिरंजीवांचें चित्र आम्ही सारसाच्याहि वर ठेवूं. तें घ्यावयास नऊ प्रकारच्या वस्तु ओळखणारें यंत्र लागत नाहीं. संध्याकाळच्या मावळत्या उजेडांत चेहरा टिपणारें भिंग आणि दारांत वाट पाहणारें घरचें माणूस लागतें.

तेव्हां आमचा निर्णय असा. हा कॅमेरा घराचा म्हणून घ्यावयाचा असेल, तर झेड ५० घ्यावा, त्याच्याबरोबर ४० मि.मी. चें तें मोठ्या छिद्राचें भिंग घ्यावें, आणि उरलेल्या पैशांत नातीसाठीं ५० ते २५० मि.मी. चें भिंग बसत असेल तर तेंहि घ्यावें. दोन-तीन वर्षांत नातीचा नाद टिकला, तर ती आपल्या कमाईनें त्या वेळची नवी पेटी घेईल आणि हीं दोन्ही भिंगें तिला बसतील. आजोबांचा पैसा फुकट गेला असें होणार नाहीं, आणि नातीला अडवून ठेवलें असेंहि होणार नाहीं. या निर्णयास एक अट आहे. दोन कॅमेऱ्यांच्या किंमतींतील अंतर निदान एका चांगल्या भिंगाएवढें असलें पाहिजे. तें तसें नसेल, तर आमचें सारें विवेचन गळून पडतें. मग बेलाशक नवाच घ्यावा, कारण तो अधिक वर्षें दुरुस्त होईल व त्याचे सुटे भाग अधिक वर्षें मिळतील. आणि कॅमेरा मुख्यतः नातीनेंच वापरावयाचा असें घरानें ठरविलें, तरीहि नवाच योग्य. मात्र तसें उघड ठरवावें. घराच्या नांवानें घेऊन एकानेंच वापरावा, यांतून पुढें मनें दुखावतात.

वापरलेला कॅमेरा घेतांना कांहीं गोष्टी स्वतः पाहाव्या. मूळ पावती व त्यावरील क्रमांक पेटीवरील क्रमांकाशीं ताडावा. विक्रेता भारतांतील अधिकृत आहे कीं नाहीं आणि हमीची मुदत किती उरली आहे, हें विचारावें. शटर आजवर किती वेळां उघडलें, याची नोंद चित्राच्या फाइलींत असते. दुकानदाराकडून ती काढून घ्यावी. छिद्र १६ या आंकड्यावर ठेवून पांढऱ्या भिंतीचें एक चित्र घ्यावें. काळे ठिपके दिसले तर ते सेन्सरवरील धुळीचे असतात. त्यांतील साधी धूळ साफ होते, ओरखडा होत नाहीं. भिंग उजेडाकडे धरून आंत पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले, तर ती बुरशी आहे, आणि असें भिंग फुकट मिळालें तरी घेऊं नये. भंडाऱ्याकडील पावसाळा दमट असतो. म्हणून कॅमेरा चामड्याच्या पिशवींत न ठेवतां, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून, घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावा. पुड्या अधूनमधून बदलाव्या.

मात्र तो डबा कुलुपांत ठेवूं नये. पुष्कळ घरांत कॅमेरा दागिन्यांच्या शेजारीं कपाटांत जातो आणि त्याची किल्ली एकाच्याच कमरेला असते. असा कॅमेरा समारंभांपुरता बाहेर येतो, आणि वाती वळणारे हात समारंभाच्या दिवशीं चित्रांत सांपडत नाहींत. तो हाताशीं ठेवावा आणि घरांतील प्रत्येकाला, सुनांना व आजीबाईंनाहि, कळ दाबावयास शिकवावें. जो नेहमीं चित्र काढतो, तो कोणत्याच चित्रांत नसतो. कांहीं घरांत बाप असा नाहींसा होतो; पुष्कळ घरांत आई, कारण चित्राच्या वेळीं ती स्वयंपाकघरांत असते. कॅमेरा फिरता ठेवला कीं दोघेंहि चित्रांत येतात.

शेवटची सूचना खर्चाची आहे, पण लहान. वर्षाअखेर निवडक बारा चित्रें कागदावर छापून घ्यावीं, मागें तारीख व नांवें शाईनें लिहावीं, आणि सर्व चित्रांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या घरीं ठेवाव्या. एक जवाहरनगरास, दुसरी भंडाऱ्यास. कॅमेरा कोणत्याहि पिढीचा घेतला, तरी तो पांच-दहा वर्षांत मागें पडणारच आहे. मुंजींतला बटु स्वतःच्या मुलाच्या मुंजीच्या वेळीं जें उघडून पाहील, तें त्या छापील पानांतच असेल.